पत्रा पहिला मी वाजवला

२२ मे १९८४, किंग्स्टन

घशातली गाठ काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ साधी आहे, मरत नाहीस, पण बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, ते तर ओरडण्यापेक्षा वाईट. कधीपर्यंत, असं मी कागदावर लिहून विचारलं, तर म्हणाल्या, मी सांगेपर्यंत.

टॅमरिंड लेनमध्ये मला भोंगा म्हणतात. बंदरात बोट शिरताना वाजतो तो भोंगा. ढोल आणि बेस गिटार लागली की तिच्यावर स्वार होऊन कविता म्हणायची, गायची नाही, म्हणायची, हा माझा उद्योग. त्याला डब कविता म्हणतात, पोट भरत नाही पण नाव होतं. पत्र्याच्या कुंपणांमागे राहणाऱ्या आणि कुणी ज्यांचं ऐकून घेत नाही अशा सगळ्यांचं तोंड मी आहे, असं मी दर कार्यक्रमाच्या सुरुवातीला सांगत आलोय. आता त्या तोंडालाच कुलूप लागलं.

माझी बायको इसिल्डा शाळेचे गणवेश शिवते. तिने ही वही आणून दिली आणि म्हणाली, बोलायचं ते हिच्यात लिही नि मला दाखव. तिच्यासाठी मी वेगळी पाटी आणणार आहे. ही वही तिला दाखवायची नाही.

२६ मे

घरात बसवत नाही. सकाळी क्रॉस रोड्सपर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. डॉमिनोच्या टेबलावर बसलो तर बर्ट्रम म्हणाला, "भोंग्यात गाळ गेलाय, आज याला लुटून घ्या." आणि खरंच लुटलं. डॉमिनो सोंगट्यांवर नाही, तोंडावर जिंकतात, हे आज कळलं.

शनिवार म्हणून शाळेच्या अंगणात आमचा वर्ग होता. लेनमधली माणसं येतात, मी त्यांना म्हणायला शिकवतो. आज पेट्रोनाने घेतला. नाटकशाळेत शिकलेली आहे, माझ्याच हाताखाली तयार झाली. म्हणाली, "ब्रदर, तुम्ही पत्र्याला टेकून बसा. मी बघते." तिने सगळ्यांना हळू बोलायला लावलं, एकेकाला थांबून थांबून. माझ्या वर्गात असली कुजबुज कधी झाली नव्हती. महिनाभर हे असं चाललं तर माणसं झोपी जातील.

३ जून

गंमत आहे. लोक माझ्याशी बोलायला लागलेत. बर्ट्रम काल फाटकाशी उभा राहून पाऊण तास त्याच्या भावाबद्दल सांगत होता. त्याला भाऊ आहे हेच मला ठाऊक नव्हतं. पोस्टातली मिस आयरीस आली, रडून गेली. माझी दया येत असणार, दुसरं काय. मी मान हलवतो, आतून नुसती तगमग होते, कारण प्रत्येकाला सांगायला माझ्याकडे उत्तर तयार असतं.

इसिल्डा म्हणाली, "तुला उत्तर देता येत नाही म्हणून येतात ते." मी पाटीवर लिहिलं, म्हणजे काय? ती हसली आणि दोरा ओवू लागली.

९ जून

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

आमच्या आवारातल्या नळावर मिस विनेट रोज सकाळी पातीचा कांदा आणि थाईमच्या जुड्या धुते, मग कॉरोनेशन मार्केटला जाते. तिचा मुलगा एव्हरल्ड फेब्रुवारीत गेला. वेल्डरकडे काम शिकत होता. लेनच्या तोंडाशी जीप आली, जीपमधल्या पोलिसांनी गोळी घातली. त्याने काखेतून पिस्तूल काढलं असं ते म्हणतात. विनेट फाटकात होती, तिने सगळं पाहिलं. पण तेव्हापासून त्याबद्दल एक शब्द नाही. ऑगस्टमध्ये कोर्टात मृत्यूची चौकशी आहे, ज्युरी बसेल आणि ती एकटीच साक्षीदार. तिची वकीलबाई मिस हेरॉन दोनदा येऊन हात हलवत परत गेली. विनेट बोलली नाही तर जीपवाले म्हणतील तेच खरं, हे लेनमधल्या पोराटोरांनाही माहीत आहे.

आज ती माझ्याकडे न बघता, जुड्या झटकत बोलायला लागली.

"मी त्याला म्हटलं, पाव आण आणि चेमटवू नको. मागच्या शनिवारी काखेत दाबून आणलास, पार चप्पल झाली होती त्याची. गेला. येताना पाव असा धरला होता, असा, तान्हं मूल धरतात तसा. जीप आली. हात वर म्हणाले. एक हात वर गेला. दुसऱ्यात पाव. मी फाटकातनं ओरडले, टाक एव्हरल्ड, पाव टाक. त्याला वाटलं मी रागावतेय. त्याने आणखी नीट धरला. मग आवाज झाला."

बाई गं, एवढे दिवस हे कुठे ठेवलं होतंस? ती आणखी काहीतरी सांगत होती, पण माझ्या डोक्यात ढोल सुरू झाला होता आणि ओळ हातातून निसटेल अशी भीती वाटली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत येऊन लिहायला बसलो.

१७ जून

झाली. आजवर लिहिलेलं सगळं एका पारड्यात आणि ही एकटी दुसऱ्यात.

आई म्हणाली, पाव आण,
चेमटवू नको, एव्हरल्ड,
चेमटवू नको.
एक हात आभाळाला,
एक हात पावाला.
हात वर! हात वर!
किती हात असतात गरिबाला?

शेवटची ओळ माझी. बाकीचं विनेटचं आहे, पण दगड कुणाचाही असो, मूर्ती घडवणारा घडवतो. शेवट बंदुकीच्या आवाजावर केलाय. बेस तिथे एकदम बंद होईल आणि शांतता पसरेल. त्याच्या पुढे काही असूच शकत नाही.

नळावर ती रोज बसते. मी आता लिहायच्या नादात खिडकीशीच असतो, तिच्याजवळ जाणं जमलं नाही. जे मिळायचं ते मिळालंय.

३० जून

सहा ऑगस्टला स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम आहे. त्यासाठी कवितांची छोटी पुस्तिका छापायला दिली. पहिल्या पानावर एव्हरल्डची कविता, खाली 'लासेल्स पिनॉक'. सुरुवातीला चार ओळी लिहायच्या असतात म्हणून लिहिलं, 'ही कविता मला एका पहाटे, लेनमध्ये कुणी जागं नसताना, एकटाकी सुचली.' वाचायला बरं वाटतं.

इसिल्डाने विचारलं, "विनेटला सांगितलंस?"

मी पाटीवर लिहिलं, छापून आल्यावर देईन, आश्चर्य वाटेल तिला.

"वाटेल खरं," ती म्हणाली आणि मशीन इतक्या जोरात चालवलं की खाकी कापड वाकडं शिवलं गेलं. मग ते उसवत बसली. तिच्या नाकाला मिरच्या कशाने झोंबल्या, देव जाणे. मी बोलत नाही म्हणून तिला सवय लागली आहे, घरात शेवटचा शब्द तिचा.

७ जुलै

हात अजून झिणझिणतोय.

आज वर्गाला मिस विनेट आली. कधी येत नाही. कोपऱ्यात टोपलीवर बसली. पेट्रोनाने सगळ्यांना सांगितलं की एखादी सकाळ आठवा आणि जशी होती तशी सांगा, सजवू नका. बर्ट्रम बोलला, आयरीस बोलली. आणि विनेट उठली.

तिने नळावर सांगितलं होतं तेच सांगितलं, त्याच शब्दांत. अंगणात कुणी खोकेना. "त्याला वाटलं मी रागावतेय. त्याने आणखी नीट धरला. मग आवाज झाला. आणि मी..." इथे माझा हात आपसूक मागे गेला आणि मी पत्र्यावर थाप मारली.

आमच्याकडे हे असंच असतं. नाचाच्या अंगणात एखादी तबकडी काळजात घुसली की लोक पत्र्याचं कुंपण बडवतात, पातेल्यांची झाकणं बडवतात आणि तबकडीवाल्याला सुई उचलून पहिल्यापासून लावावी लागते. कवीचंही तसंच. पत्रा वाजला की त्याने थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. याहून मोठा मान नाही. मला बोलता येत नव्हतं, हात होता, तो वाजवला. मग सगळ्यांनी वाजवला. अख्खं कुंपण हललं.

विनेट गोंधळली. मग लेनचीच बाई ती, रीत तिला ठाऊक. तिने पहिल्यापासून सांगितलं. पहिल्यापेक्षा ठाम. "मग आवाज झाला. आणि मग मी..." पुन्हा पत्रा. तिसऱ्यांदा तर तिच्या आवाजाला ठेका आला होता, बर्ट्रम मांडीवर ताल धरत होता. तिसऱ्यांदाही आवाजापाशीच पत्रा वाजला आणि ती खाली बसली. वाक्य अर्धं राहिलं, पण पत्रा काही विचारून वाजत नाही.

पेट्रोना तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "आता तुम्हाला हे कुठेही सांगता येईल, मिस विनेट. कोर्टातसुद्धा." विनेटने मान हलवली. मिस हेरॉनला उद्याच निरोप देणार म्हणे.

आणि हे झालं माझ्या वर्गात, माझ्या थापेने.

८ जुलै

सकाळी नळावर विनेट म्हणाली, "काल पत्रा पहिला तू वाजवलास ना?"

मी छातीवर हात ठेवून मान झुकवली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "नाहीतर नको ते बोलून गेले असते." आणि जुड्या धुऊ लागली.

एवढ्या साध्या बाईने आभार मानले की वेगळंच वाटतं. दिवसभर खूश होतो. संध्याकाळी पुन्हा तीच बेचैनी, पायाला भिंगरी. आवाज असता तर काल मी काय केलं असतं या विचाराने जीव वरखाली होतोय.

२१ जुलै

पुस्तिका आल्या. शाईचा वास छान येतो. पहिली प्रत विनेटला दिली. नळावरच हात पुसून तिने घेतली, बोट फिरवत कविता वाचली, मग सुरुवातीच्या चार ओळी वाचल्या, मग पुन्हा कविता. बराच वेळ लागला. शेवटी माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "नाव छान छापलंय तुझं."

मी हसलो. ती पुस्तिका टोपलीत ठेवून मार्केटला गेली.

पेट्रोनाला प्रत दिली तर ती पान उघडून उभीच राहिली. "पहाटे सुचली?" म्हणाली. मी खांदे उडवले. ती म्हणाली, "ब्रदर, ही मी म्हणणार नाही." कार्यक्रमात माझ्याऐवजी तिने म्हणायची असं ठरलं होतं. मी पाटीवर भराभर लिहिलं, का? त्या बाईला कोण ओळखतं? मी म्हटल्यावर अख्खं बेट ऐकेल. तिने पाटी वाचली, माझ्या हातात परत दिली आणि गेली. तिला वाटतं मी गप्प आहे तोवर वर्ग तिचा आहे.

२ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंनी आरशाने घसा पाहिला. जखम हळू भरतेय. कुजबुजत होतास ना, असं त्यांनी विचारलं. आंघोळ करताना दोन ओळी पुटपुटलो होतो, ते कळलं त्यांना. सप्टेंबरअखेरपर्यंत एकही शब्द नाही म्हणाल्या. "आता ताण दिलास तर जो आवाज निघेल तोच जन्माचा आवाज. मग माझ्याकडे येऊ नकोस." भीती वाटली. भीतीने घरापर्यंत चालत आलो, बसमध्ये चढलोच नाही.

७ ऑगस्ट

काल कार्यक्रम झाला. पेट्रोनाने स्वतःच्या कविता म्हटल्या, पत्रा दोनदा वाजला. एव्हरल्डची कविता कुणीच म्हटली नाही. पुस्तिका मात्र हातोहात गेल्या. एक टाय बांधलेला अनोळखी गृहस्थ तीन प्रती घेऊन गेला आणि माझ्याशी हात मिळवला. चला, टायवाल्यांपर्यंत पोचलो.

विनेट आली नव्हती.

२२ ऑगस्ट

आजचं आजच लिहायला हवं.

कोर्टात अख्खी लेन आली होती. विनेट काळी हॅट घालून, एव्हरल्डच्या दोन लहान बहिणी मध्ये, त्यांच्या शेजारी इसिल्डा. न्यायाधीश साक्षीतला शब्द न शब्द स्वतःच्या हाताने लिहून घेतात. साक्षीदाराला दर वाक्याला थांबवतात, मागचं पुन्हा सांगायला लावतात. विनेट डगमगली नाही. थांबा म्हटलं की थांबली, पुन्हा म्हटलं की पहिल्यापासून. त्याच शब्दांत. ज्युरीतली माणसं पुढे झुकून ऐकत होती. मला वाटलं, जिंकलो.

मग जीपवाल्यांचा वकील उठला. सहा तारखेचा तो टायवाला गृहस्थ त्याच्या मागच्या बाकावर होता. वकील गोड आवाजात म्हणाला, "बाई, तुम्हाला हे फारच तोंडपाठ आहे." आणि खिशातून माझी पुस्तिका काढली.

त्याने कविता मोठ्याने वाचली. वाचायला येत नव्हती, पण शब्द तेच होते. मग खालचं नाव वाचलं. मग त्या चार ओळी, लेनमध्ये कुणी जागं नसताना, एकटाकी सुचली. ज्युरीकडे वळून म्हणाला, ही साक्ष नाही, पाठांतर आहे. वर्गात तीन-तीनदा घोटून घेतलेलं. गोळीबार झाला त्या जागेवर पाव सापडलाच नव्हता, कुठल्याच नोंदीत पाव नाही. पाव पहिल्यांदा दिसतो तो या पानावर.

न्यायाधीशांनी विनेटला विचारलं, "पाव होता, तर गेला कुठे?"

विनेट बोलली नाही. तिने मुलींकडे बघितलं आणि हॅट खाली ओढली. मिस हेरॉनने तोच प्रश्न हळू विचारला. तरीही नाही.

"गेला कवितेत," वकील म्हणाला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

ज्युरीतली पुढे झुकलेली माणसं मागे टेकली. मी ते डोळ्यांनी पाहिलं. एव्हरल्डच्या हातातला पाव माझ्या नावाने हिरावून घेतला होता आणि हातात आता पिस्तूलच उरलं होतं. मी उठलो. शिपायाने खाली बस म्हणून खूण केली. मिस हेरॉनच्या टेबलापर्यंत गेलो आणि छातीवर बोट ठेवून साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे दाखवलं. इसिल्डाने तोंडावर हात ठेवला. मिस हेरॉनने न्यायाधीशांना सांगितलं की कवी इथेच आहे, त्यालाच विचारावं.

शपथ मोठ्याने घ्यावी लागते. तीन महिन्यांनी घशातून पहिला आवाज निघाला तो पत्र्यावर खिळा ओढावा तसा. घसा फाटतोय हे तिथल्या तिथे कळलं.

"शब्द कुणाचे?" मिस हेरॉनने विचारलं.

"तिचे."

"मोठ्याने," न्यायाधीश म्हणाले. त्यांचं पेन थांबलं होतं. भोंग्याला मोठ्याने बोल म्हणायची वेळ आली.

"तिचे. तिने जूनमध्ये सांगितलं. मी उतरवून घेतलं. नाव माझं घातलं."

"पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं. पुन्हा. मग वकील आला. म्हणाला, "म्हणजे पहाटे सुचली हे खोटं?"

"खोटं."

"तुम्ही छापून खोटं बोलता. मग आज या ज्युरीने तुमच्यावर का विश्वास ठेवावा?"

तो बरोबर विचारत होता. मी विनेटकडे पाहिलं आणि मला अंगणातलं ते अर्धं वाक्य ऐकू आलं, आणि मी, आणि मग मी. तिन्ही वेळा मीच तिला दारातून मागे पाठवलं होतं. जूनमध्ये तर ती बोलत असताना उठून गेलो होतो.

"ठेवू नका," मी म्हणालो. "माझ्यावर नका ठेवू. तिला पुढचं विचारा. आवाजानंतरचं. ते कवितेत नाही. ती सांगत होती, मी ऐकलं नाही." शेवटचे शब्द निघालेच नाहीत, नुसती हवा. न्यायाधीशांनी मान वाकडी करून माझ्या ओठांकडे बघत ते लिहून घेतलं.

विनेटला परत बोलावलं. ती उठेना. मग म्हणाली, "मुलींना बाहेर न्या." इसिल्डा दोघींना घेऊन गेली. दार बंद होईपर्यंत विनेट थांबली.

"आवाज झाला," ती म्हणाली. "आणि मी त्याच्याजवळ गेले. त्याला जीपमध्ये टाकलं, मला चढू दिलं नाही. पाव तिथे पडला होता. चेमटला नव्हता. मी उचलला. घरी मुली उपाशी होत्या, सकाळपासून पावाची वाट बघत होत्या. दादा कुठंय म्हणाल्या. मी म्हटलं, कामावर गेला. एका बाजूला लागलं होतं, तेवढं मी कापून टाकलं. बाकीचा त्यांना दिला. लोणी लावून दिला."

न्यायाधीशांनी तिला पुन्हा सांगायला लावलं नाही.

वकिलाला आणखी काही विचारायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. त्याने पुस्तिका मिटली आणि नाही म्हणाला.

२३ ऑगस्ट

ज्युरी परत आली. एव्हरल्डच्या हातात शस्त्र नव्हतं. जीपमधल्या दोघांवर खटला भरावा. पायऱ्यांवर लेनमधले लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, बर्ट्रम लहान मुलासारखा रडला. पेट्रोनाने माझा दंड धरला आणि सोडला. विनेट मुलींना घेऊन बसस्टॉपवर उभी होती.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आरसा घातला, काढला आणि हात धुतले. मी त्यांचं बिल द्यायला खिशात हात घातला तर म्हणाल्या, राहू दे.

उरलेल्या पुस्तिका मी चुलीत घातल्या. इसिल्डाने पाहिलं. तिने चहा ठेवला.

२९ ऑगस्ट

आज विनेट नळावर आली. कोर्टानंतर पहिल्यांदाच. मी पायरीवर बसलो होतो, तसाच बसून राहिलो. तिने दोन जुड्या धुतल्या आणि माझ्याकडे बघून बोलायला लागली.

मुलींना दाराबाहेर नेलं होतं. पण लेनमध्ये गोष्ट थांबते थोडीच. त्याच संध्याकाळी कुणीतरी धाकटीला लेनच्या तोंडाशी विचारलं की तो पाव तूच खाल्लास ना. दोघी घरी आल्या आणि विचारलं. विनेटने हो म्हणून सांगितलं. खोटं कसं बोलणार, न्यायाधीशांनी सगळं लिहून घेतलं होतं.

"आता पावाला हात लावत नाहीत," ती म्हणाली. "मोठी तर आणू पण देत नाही घरात. पिठाचे गोळे तळून देते, तेवढंच. म्हणून मी गप्प होते, लासेल्स. कोर्टाला घाबरून नाही." तिने पाण्याखाली हात धरला. "न्याय मिळाला, तो मला हवा होता. ते खरंच आहे. पण शनिवार आला की मी काय करू? आणू पाव की नको आणू? तू एवढ्या लोकांसाठी बोलतोस, सांग."

मी तोंड उघडलं. ती खरंच वाट बघत होती. पाणी वाहत होतं, ते तिने बंद केलं, मला ऐकू यावं म्हणून. माझ्या ओठांकडे बघत राहिली.

मग टोपली डोक्यावर घेतली आणि मार्केटला गेली.